वारा तोंडावर आहे, म्हणून वाट चुकली असं नाही

भोसरीतल्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. गेटमधून माल आत आलेला नसतानाच आलेली बिलं खात्यात घ्यायला मालक सांगत होते आणि दोन वर्षं त्यांनी ती घेतली. ईस्टरच्या आधी त्यांचं मन टोचू लागलं. नवऱ्याशी बोलून, प्रार्थना करून त्यांनी मालकांना स्पष्ट सांगितलं की यापुढे हे मी करणार नाही. पहिले तीन-चार दिवस फार हलकं वाटलं. मग पासवर्ड काढून घेतला गेला, टेबल बदललं, आणि आता येत्या गुरुवारी सकाळी दहाला बैठकीला बोलावणं आलं आहे. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता डोक्यावर, दोन मुलांची फी. रोज पहाटे तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते. सासूबाई म्हणतात, "देवाच्या मनात असतं तर त्यानं शांती दिली नसती का?" ताई विचारतात, "मी आज्ञा पाळली, मग भीती का? माझा विश्वास कमी आहे, की देवानं हे सांगितलंच नव्हतं?"

ताई, मी पुण्यात एकोणतीस वर्षं पाळक म्हणून काम करतो आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा योग्य रस्त्यावरच असतो. चुकीच्या रस्त्यावरचा माणूस सहसा हा प्रश्न विचारत नाही.

तुम्हाला भीती वाटते, यापेक्षा त्या भीतीला तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे, ही अडचण मोठी आहे. ती जे बोलेल त्यावर तुम्ही निकाल देणार आहात: शांती असेल तर देव होता, धडधड असेल तर देव नव्हता. ही समजूत आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये खोल रुजली आहे. "शांती मिळाली का?" असं आपण लग्न ठरवताना विचारतो, नोकरी बदलताना विचारतो. त्यासाठी कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन दाखवतात, ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो. पण त्याच्या आजूबाजूची वचनं वाचा. एकमेकांचं सोसून घ्या, क्षमा करा, एका शरीरात तुम्हाला बोलावलं आहे, असा तो ओघ आहे. हे पत्र लिहिणारा पौल मंडळीतल्या माणसांनी एकमेकांशी कसं राहावं हे सांगतो आहे. पोटात गोळा आला की निर्णय चुकला, असं त्यात कुठेही नाही.

शांत झोप हा पुरावा धरायचा असेल तर योनाचं काय करणार? देवानं निनवेला जा म्हटलं, तो उलट दिशेला तार्शीशला निघाला. बंदरात पोचला तर जहाज तयार, भाड्याला पैसेही जवळ. सगळं कसं जुळून आलं. वादळात खलाशी ओरडत होते तेव्हा हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आज्ञा मोडणाऱ्याला झोप लागली होती. गेथशेमानेत आपला प्रभू पित्याची इच्छा पूर्ण करायला निघाला होता, आणि त्याला झोप नव्हती. तो अतिशय अस्वस्थ आणि व्याकूळ झाला होता, आणि त्यानं तीन शिष्यांना तसं सांगितलंही. सासूबाईंची कसोटी लावली तर योना पास होतो आणि प्रभू नापास होतो.

सासूबाईंवर चिडू नका मात्र. त्यांच्या बोलण्यात नातवंडांची काळजी आहे. त्यांच्या पिढीनं महिनाअखेरीला उसनवारी केलेली असते, म्हणून पगार थांबणं काय असतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता पहाटेच्या तीनबद्दल. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला एक प्रसंग मी अशा वेळी माणसांबरोबर बसून सावकाश वाचतो. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू शिष्यांना मचव्यात बसायला लावतो आणि पलीकडे बेथसैदाकडे पाठवतो. शिष्य आपल्या मनानं निघाले नव्हते, त्यांना त्यानं बसवलं होतं. संध्याकाळ झाली तेव्हा मचवा पाण्याच्या मध्यावर, वारा समोरून, आणि शिष्य वल्ही मारून मेटाकुटीला आलेले. योहान सांगतो की ते पंचवीस-तीस स्टेडिया गेले होते, म्हणजे साडेचार-साडेपाच किलोमीटर. स्वारगेटपासून कात्रज जेवढं, साधारण तेवढंच. गालीलाचं सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली, डोंगरांच्या कुशीत आहे; वरून वारा एकदम उतरतो. रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, येशू त्यांच्याकडे आला. तुम्हाला जाग येते त्याच वेळी.

या गोष्टीतलं एक मला फार वर्षं दिसलं नव्हतं. वारा त्यांच्या तोंडावर होता कारण त्यांचं तोंड त्यानं सांगितलेल्या दिशेला होतं. मचवा मागे वळवला असता तर तोच वारा पाठीशी आला असता, वल्हीसुद्धा मारावी लागली नसती, आणि कोणीतरी म्हटलंच असतं, "बघा, देवानं वाट सोपी केली." उद्या मालकांना जाऊन म्हणालात, "सर, चुकलं माझं, द्या ती बिलं," तर पासवर्ड परत मिळेल आणि रात्री झोपही लागेल. ती झोप देवाकडून आली असं मग तुम्ही म्हणाल का?

त्याच अध्यायात असंही आहे की येशू डोंगरावर प्रार्थना करत होता आणि तिथून त्यानं त्यांना वल्ही मारताना कष्टी झालेलं पाहिलं. संध्याकाळी पाहिलं, आला पहाटे. मधले तास का, याचं उत्तर मार्क देत नाही, आणि मीही देणार नाही. अनेक घरांत मी ते मधले तास पाहिले आहेत. तिथे "प्रभू वेळेवर येतो" असं म्हणणं सोपं असतं आणि ऐकणाऱ्याला ते सोसत नाही.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. "मी आज्ञेत चाललो आहे" असं म्हणणारा प्रत्येक जण आज्ञेत असतोच असं नाही. एक तरुण चांगली नोकरी सोडून सेवेत येतो म्हणाला, त्याला स्वप्न पडलं होतं. बायको सात महिन्यांची गरोदर. त्याच्या भीतीला मी वेगळं ऐकलं. तिथे भीती म्हणत होती की तू घाई करतो आहेस, आणि ते खरं होतं. मी त्याला वर्षभर थांबायला सांगितलं. जिथे आपण देवाचं मार्गदर्शन ओळखायचा प्रयत्न करत असतो, तिथे वडीलधाऱ्यांना विचारणं, थांबणं, पुन्हा तपासणं योग्य असतं. तुमची गोष्ट त्या जातीची नाही. वजनमापात लबाडी करू नका, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. खोट्या नोंदी करू नयेत हे कळायला वेगळ्या दर्शनाची गरज नाही. देवानं सांगितलं होतं का, हा प्रश्न तुमच्यापुरता मिटलेला आहे. पहाटे तीनला तो पुन्हा उघडू नका.

तरीही भीतीला सरसकट गप्प करा असं मी म्हणणार नाही. माझी सवय अशी आहे की माणसाला मी वही घ्यायला सांगतो आणि भीती जे जे बोलते ते लिहायला लावतो. मग एकेका ओळीपुढे विचारायचं, यात मी करण्यासारखं काही काम आहे का? तुमच्या वहीत एक ओळ नक्की असेल, "मागच्या दोन वर्षांच्या बिलांचं काय?" या भीतीकडे काम आहे. माल किंवा सेवा न मिळता बिल दाखवून टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करात वजावट, घेणं हा २०१७ च्या जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि नोंदी करणाऱ्या माणसालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात. तुमची जबाबदारी नेमकी किती, हे तुम्ही काय जाणत होता आणि काय सही केलं यावर अवलंबून आहे, आणि ते मी सांगू शकत नाही. कंपनीच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या ओळखीच्या सीएला आणि एका वकिलाला गुरुवारच्या आधी भेटा. बैठकीत लगेच कसल्याही कागदावर सही करू नका. राजीनाम्यावर तर मुळीच नाही. "वाचून उद्या देते" एवढं म्हणता येतं. जे तोंडी सांगितलंत ते ईमेलवर दोन साध्या ओळींत लिहून ठेवा, कोणावर आरोप न करता. हप्ता चुकल्यावर बँकेत जाण्यापेक्षा चुकण्याआधी जाऊन बोललं तर बरं असतं, हेही लिहून ठेवा.

काही विश्वासू मंडळींना हे ऐकून वाटतं की वकिलाकडे जाणं म्हणजे अविश्वास. त्यांना मी याकोबाकडे पाठवतो. "आपल्या देशाला परत जा" असं देवानंच त्याला सांगितलं होतं. वाटेत कळलं की ज्याला त्यानं पूर्वी फसवलं होतं तो भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतो आहे. शास्त्र म्हणतं, याकोब फार घाबरला. त्यानं माणसं आणि गुरं दोन टोळ्यांत वाटली, म्हणजे एकीवर हल्ला झाला तर दुसरी सुटेल. मग प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत देवाला आठवण करून दिली की परत जा असं तूच मला म्हणाला होतास, आणि मला त्याची भीती वाटते हेही सांगितलं. उठून भावासाठी भेटी निवडल्या. आज्ञा, भीती, बेत, प्रार्थना, पुन्हा बेत, हे सगळं एका संध्याकाळी. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात तर एकाच वाक्यात दोन्ही आहे, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला.

तुमच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या ओळीही असतील. "मुलं मोठी झाल्यावर मला दोष देतील." "आपण रस्त्यावर येऊ." "देवानं मला सोडलं." यांच्यापुढे आज करायचं काम काहीच नाही; त्या नुसत्या गरगर फिरतात. यांच्याशी वाद घालून मी कोणाला जिंकताना पाहिलेलं नाही, मीही जिंकलेलो नाही. या ओळी जशाच्या तशा देवाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. छप्पन्नावं स्तोत्र दावीदानं गथमध्ये पलिष्ट्यांच्या हातात सापडलेला असताना लिहिलं, असं त्याच्या मथळ्यात आहे. तिसऱ्या वचनात तो म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, आणि चौथ्यात म्हणतो की मी भिणार नाही. भीती गेल्यावर भाव ठेवीन असं तो म्हणत नाही. भीती आहे त्याच घटकेला तो भाव ठेवतो. पौलाचंही तेच. मासेदोनियात आल्यावर बाहेर भांडणं आणि आत भीती होती, असं त्यानं करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं. मंडळ्या उभ्या करणाऱ्या माणसानं हे लपवलं नाही, तर तुम्ही का लपवावं?

माझं स्वतःचं सांगतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा मला एका दिवसात दोन-दोन दफनविधींना बोलावणं येत होतं. मृतांना माती देणं, उरलेल्यांजवळ उभं राहणं ही माझ्या पाचारणातली गोष्ट, त्यात शंका नव्हती. पण दफनभूमीच्या फाटकाशी स्कूटर लावताना माझे हात इतके थरथरायचे की किटची चेन लागत नसे. घरी बायकोला मधुमेह. एका सकाळी मी गेलो नाही. कणकण आहे असं फोनवर सांगितलं, आणि कणकण नव्हती. त्या माणसाला त्याच्या मुलानं एकट्यानं माती दिली. दोन दिवसांनी मी त्या मुलाला फोन करून खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पाळकसाहेब, मलाही पळून जावंसं वाटत होतं." त्यानंतर मी पुन्हा जाऊ लागलो. थरथर गेली नव्हती. मास्क दोन, अंतर सहा फूट, आणि फाटकापासून खड्ड्यापर्यंत तेविसावं स्तोत्र ओठांवर. पुढे-पुढे धीर येत गेला असंही मला सांगता येत नाही. जूनमध्ये बोलावणी कमी झाली तेव्हाच हात स्थिर झाले. पण त्या तीन महिन्यांत मला कळलं की देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे त्या फाटकातून आत जायचं. त्या वेळी मनात काय चाललं आहे ते देव पाहून घेतो.

पुण्यात हे शिकताना पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण दुष्काळात, उपासमारीनं गेली होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन ही विधवा मुलींची शाळा चालवत होत्या. तीन वर्षांपूर्वीच, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या आरोपांवरून अनेक पालकांनी तिथून मुली काढून नेल्या होत्या. भूक म्हणजे काय हे ज्या बाईच्या शरीराला माहीत होतं, ती पुन्हा भुकेच्या मुलखात गेली आणि मुलींना घेऊन आली. त्याच सुमारास पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं आणि पुण्याजवळ केडगावला त्यांनी घेतलेली जागा कामी आली. दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून केडगाव स्टेशन दिसतं तेव्हा मी नेहमी याचा विचार करतो. तिथे येणारी मुलगी नि मुलगी आणखी एक खाणारं तोंड होती. १९०० च्या आसपास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या.

ताई, आता कठीण भाग. तुमची नोकरी राहीलच असं मी म्हणणार नाही. देवानं तुम्हाला खोट्या नोंदी करू नको म्हटलं. पगार चालू राहील असं वचन त्यानं दिलेलं मला शास्त्रात सापडत नाही. बऱ्याचदा आपण देवाच्या वतीनं स्वतःच एक वचन देऊन टाकतो आणि ते मोडलं की त्याला धरतो. दानीएलचे तिघे मित्र राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही. माझ्या मंडळीतल्या एका भावानं तुमच्यासारखंच नाही म्हटलं. नोकरी गेली. चौदा महिने लागले दुसरी मिळायला, मधे त्यानं टेम्पो चालवला, आणि नवा पगार जुन्यापेक्षा कमी आहे. त्याच्या मुलीची शाळा बदलावी लागली. तो माणूस आज रविवारी प्रभुभोजनाला पुढे येतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहून मला बळ येतं, पण त्याचे ते चौदा महिने मी कोणाला गोड करून सांगत नाही. मंडळीच्या मदतनिधीतून त्याच्या घरी किराणा जात होता. तुमच्या पाळकांना आणि दोन विश्वासू घरांना हे आत्ताच सांगून ठेवा. संकट आल्यावर सांगायला जास्त लाज वाटते.

रात्रीपुरतं एवढं करा. पहाटे तीनला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, मोबाईल उघडायचा नाही. उठून पाणी प्या, दिवा लावा, स्तोत्र ओठ हलवून वाचा. मनातल्या मनात वाचलं की भीती मध्येच बोलू लागते. जेवण सोडू नका. एलिया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं काम करून आला आणि ईजबेल राणीच्या एका निरोपानं पळाला, मरण मागू लागला. दूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं नंतर होरेबावर झालं. आणि झोप जर आणखी आठ-दहा दिवस अशीच उडालेली राहिली, दिवसाही श्वास अडकू लागला, किंवा जगावंसंच वाटेना झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याचा विश्वास आपण मोजत नाही, तसाच हाही मोजायचा नाही.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही आणि तुमचे मिस्टर, जमल्यास सासूबाईंनाही घेऊन, एकत्र बसा. त्यांना प्रार्थना करायला सांगा. त्यांना जी भीती वाटते तीच त्यांनी देवापुढे मांडली तर घरात एकमेकांशी भांडायला कमी उरतं, असं मी पाहिलं आहे. गुरुवारी कंपनीत जाताना वही आणि पेन न्या. जे विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या, खरं द्या, थोडक्यात द्या. आवाज कापला तर कापू द्या.

गुरुवारी सकाळी दहाला मी घरीच असेन आणि त्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थनेला बसेन. तुमचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते बरंच केलंत. "भोसरीची ताई" म्हणून देवापुढे ठेवीन. बैठकीत काय झालं ते नंतर कळवा. वाईट झालं तर आधी कळवा.